पहाटेची ग्वाही देणारे भाषण

उद्घाटनाचे भाषण हा आपल्या सार्वजनिक जीवनात सर्वांत अधिक ऐकला जाणारा आणि सर्वांत कमी लक्षात राहणारा प्रकार असावा. समई पेटते, स्वागतगीत होते, शाल-श्रीफळ दिले जाते, पाहुण्यांचा परिचय होतो आणि मग उद्घाटक बोलावयास उभे राहतात. तोवर श्रोत्यांचे लक्ष घड्याळाकडे लागलेले असते. मराठीत साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणाला मात्र प्रतिष्ठा आहे. ते छापले जाते, त्यावर वाद झडतात, पुढील वर्षी त्याचा दाखला दिला जातो. १० जानेवारी २०२० रोजी उस्मानाबाद येथे ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून फादर फ्रान्सिस दिब्रिटो व्यासपीठावर आले, तेव्हा आपल्या समाजालाही या भाषणप्रकाराचे मोल जवळून जाणवले.

आरंभाचे भाषण श्रोत्यांची मने कशी वळविते? ते त्यांना कार्याला कसे उद्युक्त करते? या प्रश्नांचा विचार करावयाचा तर एखादे भाषण समोर ठेवूनच करावा लागेल. आपणा कॅथलिक वाचकांसाठी असे एक भाषण हाताशी आहे. ११ ऑक्टोबर १९६२ रोजी रोममध्ये संत पेत्राच्या महामंदिरात द्वितीय व्हॅटिकन परिषदेचे उद्घाटन करताना पोप जॉन तेविसावे यांनी ते लॅटिनमध्ये केले. त्याच्या पहिल्या तीन शब्दांवरून ते 'गाउदेत मातेर एक्लेसिया' या नावाने ओळखले जाते. माता ख्रिस्तसभा आनंदित आहे, असा त्या शब्दांचा अर्थ. या भाषणाकडे धर्मशास्त्राचा दस्तऐवज म्हणून पुष्कळांनी पाहिले आहे. येथे त्याच्याकडे वक्तृत्वाचा नमुना म्हणून पाहावयाचे आहे.

निकष कोणता?

संत ऑगस्टीन हे धर्मगुरू होण्यापूर्वी वक्तृत्वशास्त्राचे शिक्षक होते. उतारवयात 'ख्रिस्ती शिकवणुकीविषयी' या ग्रंथाचा चौथा भाग लिहिताना त्यांनी सिसेरोचे जुने सूत्र ख्रिस्ती प्रवचनकाराच्या हाती दिले. वक्त्याने शिकवावे, रिझवावे आणि हलवावे, असे ते सूत्र आहे. या तिहींत शेवटचे सर्वांत अवघड आहे.

त्यासाठी ऑगस्टीन स्वतःचाच एक अनुभव सांगतात. उत्तर आफ्रिकेतील सीझरिया या नगरात वर्षातून एकदा नागरिकांचे दोन तट पडत. बाप-लेक आणि भाऊ-भाऊ एकमेकांवर दगड फेकीत. कित्येक दिवस हा प्रकार चाले आणि त्यात माणसे मरत. ऑगस्टीन त्यांच्यापुढे बोलले. लोकांनी वाहवा केली, तेव्हा आपले काम झाले असे त्यांना वाटले नाही. लोकांचे डोळे भरून आले, तेव्हा कुठे त्यांना आशा वाटू लागली. पुढे ते नमूद करतात की, या घटनेला आठ वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लोटला, पण तो प्रकार पुन्हा घडलेला नाही.

म्हणजे ऑगस्टीन यांच्या लेखी टाळ्यांनी भाषण सुंदर होते हे कळते आणि अश्रूंनी ते आत पोहोचले हे कळते. ते यशस्वी झाले की नाही, हे मात्र पुढच्या वर्षांतील वर्तनावरून ठरते. हाच निकष आपण पोप जॉन यांच्या भाषणाला लावून पाहू.

आनंदाने केलेला आरंभ

प्रसंग समजून घेतल्याशिवाय भाषणाचे मर्म कळणार नाही. सभागृहात सुमारे अडीच हजार बिशप होते. इतर ख्रिस्ती पंथांचे निरीक्षक होते. परिषदेपुढे मांडावयाचे सत्तरच्या आसपास मसुदे तयार होते आणि ते बहुतांशी जुन्या, बचावाच्या पवित्र्यातील होते. आधुनिक जगातील चुका एकामागून एक दाखवून द्याव्यात, अशी ते तयार करणाऱ्यांपैकी अनेकांची धारणा होती. पूर्वीच्या बहुतेक परिषदांनी धिक्काराची सूत्रे उच्चारली होती, तेव्हा यंदाही तेच होईल अशी अपेक्षा अनाठायी नव्हती.

अशा सभेपुढे ऐंशी वर्षांचा एक वृद्ध उभा राहतो आणि पहिलाच शब्द उच्चारतो तो आनंदाचा. त्या काळच्या पंचांगाप्रमाणे ११ ऑक्टोबर हा पवित्र मरियेच्या मातृत्वाचा सण होता. पोप जॉन यांनी दिवसाचा हा योग आरंभीच सांगितला. ख्रिस्तसभा माता आहे, आज एका मातेचा सण आहे आणि ही माता आनंदित आहे. कोणताही युक्तिवाद सुरू होण्यापूर्वीच सभेचा सूर असा ठरून गेला. न्यायालयात बसल्याप्रमाणे बसलेल्या माणसांना आपण घरात बसलो आहोत, याची आठवण करून देण्यात आली.

त्यानंतर ते पूर्वीच्या परिषदांचे स्मरण करतात. हे स्मरण औपचारिक वाटते, पण त्याला हेतू आहे. नवे काही सांगू पाहणाऱ्याने आपण परंपरेच्या आतूनच बोलत आहोत, असा विश्वास श्रोत्यांना आधी द्यावा लागतो. २५ जानेवारी १९५९ रोजी, संत पौलाच्या परिवर्तनाच्या सणाच्या दिवशी, परिषदेची कल्पना आपण कार्डिनलांपुढे प्रथम कशी मांडली, हेही ते सांगतात. ती कल्पना मनात अवचित आली असे ते म्हणतात आणि तिचे श्रेय स्वतःकडे घेत नाहीत. वक्त्याचे वजन वाढते ते अशा ठिकाणी.

मतभेद कसा उच्चारला?

भाषणाचा पहिला तृतीयांश भाग संपत आला असता ते वळण येते, ज्यासाठी हे भाषण प्रसिद्ध आहे. आपल्या नित्याच्या कामात काही माणसांचे बोल आपल्या कानी येतात आणि त्यांनी आपल्याला वेदना होतात, असे पोप जॉन सांगतात. या माणसांना आजच्या काळात विनाशाखेरीज काही दिसत नाही. मागील युगांच्या तुलनेत आपले युग बिघडत चालले आहे, असे ती म्हणतात. इतिहासापासून ती काही शिकलेली दिसत नाहीत. जणू पूर्वीच्या परिषदांच्या काळी सर्व काही आलबेल होते! जगाचा अंत जवळ आल्यासारखी नेहमी अनर्थाचीच भाकिते करणाऱ्या या मंडळींशी आपण सहमत नाही, असे ते स्वच्छ शब्दांत सांगतात.

या परिच्छेदाची रचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. प्रथम ते या माणसांच्या धर्मोत्साहाची कबुली देतात. त्यांचा हेतू वाईट आहे असे म्हणत नाहीत. उणीव आहे ती तारतम्याची, एवढेच सांगतात. कोणाचेही नाव घेत नाहीत. ज्यांना उद्देशून हे बोलले जात होते, त्यांपैकी कित्येकजण पुढच्याच आसनांवर बसले होते. त्यांचा अपमान झाला नाही, मात्र त्यांची पकड सैल झाली. दूरच्या धर्मप्रांतांतून आलेल्या बिशपांना, आपल्या मनात आहे तेच पोप बोलत आहेत, असे वाटले असल्यास नवल नाही. श्रोत्याचे मन वळविण्याचा एक खरा मार्ग हा असतो. त्याच्या मनात अर्धवट असलेल्या गोष्टीला वक्ता उघडपणे शब्द देतो आणि ती बोलण्याची मुभाही देतो.

कोणी म्हणेल, हा भाबडा आशावाद झाला. पण याच परिच्छेदाच्या पाठोपाठ ते दुःखाचा उल्लेख करतात. आज येथे असावयास हवे होते असे अनेक बिशप येथे नाहीत, कारण ते श्रद्धेपायी तुरुंगात आहेत किंवा त्यांना येऊ दिलेले नाही, याची त्यांना खंत वाटते. त्या दिवशी युक्रेनचे आर्चबिशप योसिफ स्लिपी सोव्हिएत बंदिवासात होते. हंगेरीचे कार्डिनल मिंडसेंटी बुडापेस्टमधील अमेरिकन वकिलातीत आश्रय घेऊन होते. ज्याला ही रिकामी आसने दिसतात, त्याच्या आशेला भाबडी म्हणता येत नाही. आशेचे विधान आणि दुःखाची नोंद इतकी जवळजवळ ठेवण्यात वक्त्याची प्रामाणिक दृष्टी दिसते, आणि तीमुळेच श्रोत्याचा विश्वास बसतो.

ठेवा आणि त्याची मांडणी

मग भाषण आपल्या गाभ्याशी येते. ख्रिस्ती शिकवणुकीचा ठेवा जपावा आणि तो अधिक परिणामकारक रीतीने शिकवावा, हे परिषदेचे मुख्य काम आहे. यावर कोणाचाच आक्षेप असणार नाही. परंतु लगेच पोप जॉन आणखी एक गोष्ट सांगतात. मूलभूत सिद्धान्तांपैकी अमुक एका मुद्द्याची पुन्हा चर्चा करावयाची, एवढ्यासाठी परिषद भरविण्याची गरज नव्हती. श्रद्धेच्या ठेव्यातील सत्ये ही एक गोष्ट आणि ती ज्या रीतीने मांडली जातात ती रीत ही दुसरी गोष्ट, असा भेद ते करतात.

या एका भेदाने सभेपुढचा प्रश्नच बदलला. मसुदे तयार करणारे 'काय नाकारावे' असा प्रश्न घेऊन आले होते. आता प्रश्न झाला, 'कसे सांगावे?' आरंभाच्या भाषणाची खरी ताकद येथे आहे असे मला वाटते. सभेत पुढे जे काही होते ते प्रश्नाच्या चौकटीत होते आणि ती चौकट पहिला वक्ता आखून देतो. उत्तरे देण्याचे काम पोप जॉन यांनी बिशपांवर सोपविले. आपण सोपविले आहे असे त्यांना जाणवूही दिले. हे श्रोत्यांवर विश्वास टाकणे होते, आणि ज्याच्यावर विश्वास टाकला जातो तो माणूस जागा होतो.

चुकांच्या बाबतीतही हेच. ख्रिस्तसभेने चुकांना नेहमीच विरोध केला, पुष्कळदा कठोरपणे धिक्कारही केला, हे ते मान्य करतात. परंतु आज ती कठोरतेच्या शस्त्रांपेक्षा दयेचे औषध वापरणे पसंत करते, असे ते म्हणतात. लंगड्या भिकाऱ्याला पेत्राने सोनेरूपे न देता येशूच्या नावाने उभे केले, हा प्रेषितांच्या कृत्यांतील प्रसंग ते याच ओघात आठवतात. शस्त्राच्या जागी औषध आले की समोरचा माणूस शत्रू राहत नाही, रुग्ण होतो. आणि रुग्णाकडे जावे लागते.

एकाच प्रतिमेचा धागा

या भाषणात अलंकार फार नाहीत. पण उजेडाची एक प्रतिमा आरंभापासून शेवटापर्यंत धाग्यासारखी गेली आहे. परिषदेची कल्पना आली ती प्रकाशाच्या किरणासारखी. माणसांची चुकीची मते सूर्यापुढे धुके विरावे तशी विरून जातात. ऐक्याचे वर्णन करताना कॅथलिकांचे आपसातील ऐक्य, दुरावलेल्या ख्रिस्ती बांधवांची ऐक्याची ओढ आणि अन्य धर्मीयांचा आदरभाव असे तीन किरण येतात. शेवटी परिषदेलाच उगवत्या दिवसाची उपमा दिली जाते, आणि ही तर नुसती पहाट आहे, असे सांगितले जाते.

अशी प्रतिमा सहज गुळगुळीत होऊ शकते. 'नवी पहाट' आपण किती भाषणांत ऐकली आहे! येथे ती तशी वाटत नाही, कारण ती बोलणाऱ्याच्या आयुष्याशी जोडलेली आहे. सप्टेंबर १९६२ मध्ये डॉक्टरांना पोप जॉन यांच्या पोटातील कर्करोगाचे निदान झाले होते. सभेतील बहुतेकांना याची कल्पना नव्हती. ३ जून १९६३ रोजी ते निवर्तले. परिषदेच्या सोळा दस्तऐवजांपैकी एकही त्यांच्या हयातीत संमत झाला नाही. पहाट झाली म्हणणाऱ्या त्या वृद्धाने दुपार पाहण्याची अपेक्षा केलेली नव्हती. काम आपले नाही, तुमचे आहे, हे त्याच्या शब्दांत न सांगताही उमटले.

खिडकीतील भाषण

त्याच रात्री आणखी एक भाषण झाले. त्याशिवाय हे विवेचन अपुरे राहील. रोममधील कॅथलिक संघटनांनी मशालींची मिरवणूक काढली होती आणि संत पेत्राचे प्रांगण लोकांनी भरून गेले होते. पोप खिडकीत आले आणि इटालियनमध्ये उत्स्फूर्तपणे बोलले. चंद्रसुद्धा आज घाईने पाहावयास आला आहे, असे त्यांनी म्हटले. आपण केवळ एक भाऊ आहोत, देवाच्या इच्छेने पिता झालेला भाऊ, असे सांगितले. घरी गेल्यावर मुलाबाळांच्या गालावरून हात फिरवा आणि हा पोपचा हात आहे असे सांगा, असे म्हणाले. कोणाचे अश्रू पुसावयाचे असतील तर पुसा, हेही सांगावयास विसरले नाहीत.

सकाळी लॅटिन, रात्री घरची बोली. सकाळी ठेव्याच्या मांडणीचा विचार, रात्री मुलाच्या गालावरचा हात. परंतु दोन्ही भाषणांत एकच वृत्ती आहे. सकाळी ज्या भेदाची चर्चा झाली, तो भेद त्यांनी रात्री आचरून दाखविला. तीच श्रद्धा, पण ऐकणाऱ्याला कळेल अशा रीतीने. सोत्तो इल मोंते या खेड्यातील शेतकऱ्याचा हा मुलगा होता. उद्घाटनाच्या भाषणातले पीठ आपल्याच पोत्यातले आहे, असे ते म्हणाल्याचे सांगितले जाते. ही उपमा सुचायला पीठ हाताळलेले घर लागते.

काही उणिवा

भाषण थोर असले तरी निर्दोष नाही. सभेतील कित्येक बिशपांना बोललेली लॅटिन नीट उमगत नसे, त्यामुळे तेथल्या तेथे त्याचा पूर्ण ठसा सर्वांवर पडला असे म्हणता येणार नाही. शिवाय मूळ इटालियन मसुदा आणि लॅटिन पाठ यांत फरक आहे. ठेवा आणि मांडणी यांच्या भेदाशी लॅटिनमध्ये, अर्थ मात्र तोच राहावा, असे पहिल्या व्हॅटिकन परिषदेचे बंधन जोडलेले आहे. परिणाम असा झाला की, बदल हवा असणारे आणि बदलाची भीती वाटणारे, असे दोघेही याच परिच्छेदाचा आधार घेत राहिले. सर्वांना सामावून घेणाऱ्या भाषणाला ही किंमत मोजावी लागते. सीमा कोठे आखावयाची हे पोप जॉन यांनी सांगितले नाही आणि तो वाद आपल्या वाट्याला आला.

आशावादाची कसोटीही लगेच लागली. अकरा दिवसांनी क्यूबातील क्षेपणास्त्रांचे संकट जगापुढे उघड झाले. २० ऑक्टोबरला परिषदेच्या बिशपांनी जगाला उद्देशून सदिच्छेचा संदेश प्रसृत केला आणि त्याच दिवशी चीनने आपल्या सीमेवर आक्रमण केले. अनर्थाची भाकिते करणारे खरे ठरले की काय, असे वाटावे असा तो महिना होता. पोप जॉन यांनी २५ ऑक्टोबरला नभोवाणीवरून राष्ट्रप्रमुखांना शांततेसाठी कळकळीचे आवाहन केले आणि पुढील एप्रिलमध्ये 'पाचेम इन तेर्रिस' हे परिपत्रक दिले. त्यांची आशा भाषणापुरती नव्हती, हे त्यावरून कळते.

फळ काय आले?

आता ऑगस्टीन यांचा निकष लावू. दोनच दिवसांनी, १३ ऑक्टोबरला, आयोगांच्या निवडणुका घाईने उरकण्यास फ्रान्सचे कार्डिनल लिएनार आणि जर्मनीचे कार्डिनल फ्रिंग्ज यांनी नकार दिला आणि बिशपांनी त्यांना साथ दिली. २० नोव्हेंबरला दैवी प्रकटीकरणाच्या उगमांविषयीचा जुन्या धर्तीचा मसुदा थांबवावा, असे १,३६८ जणांनी मत दिले. विरुद्ध मते ८२२ पडली. दोन-तृतीयांश बहुमताला थोडी कमी पडली, तेव्हा पोपनी स्वतः तो मसुदा फेरविचारासाठी पाठविला. याचे सर्व श्रेय एका भाषणाला देणे अतिशयोक्तीचे होईल, कारण अशी मते अनेक वर्षे परिपक्व होत होती. पण ती बोलून दाखविण्याचे धैर्य त्या सकाळने दिले, असे म्हणता येईल. ठेवा आणि मांडणी यांचा तो भेद पुढे 'गौदियुम एत स्पेस' या दस्तऐवजात आला. २०१५ मध्ये दयेचे जयंती वर्ष जाहीर करताना पोप फ्रान्सिस यांनी दयेच्या औषधाचे तेच शब्द उद्धृत केले. ऑगस्टीन यांनी आठ वर्षे मोजली होती. येथे त्रेपन्न वर्षे झाली होती.

आणि आपणही त्या फळाचे वाटेकरी आहोत. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविधीचा दस्तऐवज संमत झाला आणि मिस्सा लोकभाषेत आणण्याची वाट मोकळी झाली. आज आपल्या वेदीवरून जी मराठी ऐकू येते, ती ठेवा आणि मांडणी यांच्या त्या भेदाचेच आपल्या घरी आलेले रूप आहे.

आपली व्यासपीठे

म्हणूनच आपल्या व्यासपीठांकडे पाहिले की मन अस्वस्थ होते. धर्मग्रामाच्या सणाचा कार्यक्रम असो, युवक मेळावा असो वा एखाद्या मंडळाचा वर्धापनदिन, उद्घाटक बहुधा तक्रारीनेच सुरुवात करतात. तरुण चर्चमध्ये येत नाहीत, मुले मराठी वाचत नाहीत, मोबाईलने घर गिळले, पूर्वी असे नव्हते. यांतील पुष्कळ खरे असेल. परंतु ते ऐकणारा तरुण त्या वेळी तेथे आलेला असतो, आणि न आलेल्यांचा राग त्याच्यावर निघत असतो. प्रस्तुत लेखकानेही अशी भाषणे केली आहेत. त्यांना टाळ्याही मिळाल्या आहेत, बहुतेक पुढच्या रांगांतून. त्यानंतर कोणाच्या वागण्यात काही बदल झाल्याचे स्मरत नाही.

पोप जॉन यांच्यासमोर तक्रारीचे विषय आपल्यापेक्षा थोडे नव्हते. निम्म्या युरोपात ख्रिस्तसभा जखडलेली होती, जगावर अणुयुद्धाचे सावट होते आणि शरीर आतून पोखरले होते. त्यांनी तक्रार बाजूला सारली ती ती खोटी होती म्हणून नव्हे. तिने सभा हलणार नव्हती म्हणून त्यांनी तसे केले. त्यांनी जे आले होते त्यांच्याशी बोलणे पसंत केले, न आलेल्यांचे दुःखाने स्मरण केले आणि काम श्रोत्यांच्या हाती दिले.

पुढील सणाला आपल्यापैकी कोणावर उद्घाटनाची पाळी आली, तर भाषणाची पहिली पाच वाक्ये घरी एकदा तपासून पाहावीत. त्यांत समोर बसलेल्यांसाठी आनंदाचे एखादे तरी वाक्य आहे का, आणि शेवटी त्यांच्या हाती देण्यासारखे एखादे काम आहे का, एवढेच पाहावे. नसेल, तर समई पेटवून खाली बसणे बरे.